चौथं ताट

नागपूर, ११ ऑगस्ट २०२५

चि. कस्तुरास, दादाचा आशीर्वाद.

पाकिटावरचं नाव वाचून पत्र चुलीत टाकलं नसशील, तर पुढं वाच. मी मारोत, तुझा भाऊ. फोन करणार होतो, पण कानात मशीन बसवल्यापासून फोनवर मला माणसाच्या ऐवजी शिट्टी ऐकू येते. शिवाय आईच्या तेरवीला भेटलो तेव्हा "बरी आहेस ना", "बरी आहे" याच्या पुढं आपलं गाडं सरकलं नव्हतं, ते फोनवर काय सरकणार. पत्त्यात सवयीनं जिल्हा अकोला लिहिलं होतं, माझ्या लेकीनं, योगिनीनं, ते खोडून वाशीम केलं.

मुद्द्यावर येतो. १९८७ च्या दिवाळीत, पाडव्याला, टीव्हीवर माझा तासाभराचा एक विनोदी कार्यक्रम झाला होता, 'चौथं ताट'. तू पाहिलास की नाही मला माहीत नाही. मी तेव्हा टीव्ही केंद्रात साधा टपाल कारकून. ज्यांनी दिवाळीसाठी लिहायचं कबूल केलं होतं ते ऐनवेळी आजारी पडले आणि साहेबांनी विचारलं, कोणाकडे काही घरगुती, हलकंफुलकं आहे का. माझ्याकडे तुझी पत्रं होती. सासरच्या गमती तू अशा कळवायचीस की मी ऑफिसात वाचून दाखवायचो आणि लोक चहा थांबवून ऐकायचे. आठ दिवसांत मी त्यांची गोष्ट जुळवली. लेखक म्हणून पडद्यावर नाव माझं आलं, पण कार्यक्रम सगळा तुझा होता.

त्याची कॅसेट योगिनीला कपाटात सापडली. तिनं ती एका दुकानातून मोबाईलवर उतरवून घेतली आणि इंटरनेटवर टाकली. चाळीस हजार लोकांनी पाहिली म्हणे. आता इथलं एक मंडळ २ नोव्हेंबरला सभागृहात तो कार्यक्रम दाखवणार आहे. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, सत्कार करायचा तर माझ्या बहिणीचा करा. तुला यायचं आहे.

दुसरं असं की यंदा भाऊबीजेला मला तुझ्या घरी यायचं आहे. तो कार्यक्रम झाला आणि तुझी पत्रं बंद झाली. कारण मला ठाऊक आहे. घरच्या जावयाला, रंगरावांना, मी त्यात बावळट दाखवलं आणि गावासमोर त्यांची शोभा झाली. चूक माझी होती. त्यांच्या पाया पडतो, पण येऊ दे. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे, आणखी किती दिवाळ्या धरून चालायचं? त्यांना विचारून कळव.

तुझा दादा,
मारोत


कामरगाव, २८ ऑगस्ट

दादा, नमस्कार.

पत्र चुलीत टाकलं नाही. आता गॅस आहे.

हे मी माझ्या हातानं लिहिते आहे, ते आधी पाहून घे. गजेंद्र पहिलीत गेला त्या वर्षी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा पोराबरोबर मीही पाटी धरली. तुला कसं माहीत असणार, तू कुठं विचारलंस.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शुभांगीला, म्हणजे गजेंद्रच्या बायकोला, एकदा वाचायला लावलं. आम्हा दोघींना काही समजलं नाही. कोणती पत्रं? कोणत्या गमती? मी दारात बसून सांगायची आणि हे लिहायचे, हे तुला ठाऊक आहे. मी काय सांगायची तेही मला पाठ आहे, कारण दर वेळी तेच असायचं. सगळे खुशाल आहेत. आईला म्हणावं गुडघ्याला तेल लाव. लुगडं पोचलं. पाऊस आहे, किंवा पाऊस नाही. यात तुझ्या ऑफिसातली माणसं चहा थांबवतील असं काय होतं? तू कुणा दुसरीची पत्रं माझ्या नावावर धरून बसला आहेस. वयानं असं होतं. आमच्या शेजारच्या गोजराबाई परवा मला त्यांची नणंद समजून भांडून गेल्या. योगिनीला सांग, तुला एकदा डॉक्टरला दाखवायला.

आणि पत्रं मी बंद केली? हे म्हणाले होते, "आता तो टीव्हीवाला झाला, त्याले आपल्या पत्राची काय गरज?" मी दोनदा म्हणून पाहिलं, लिहा. मग वाटलं, गरज असेल तर तू लिहिशील. तू लिहिलं नाहीस.

भाऊबीजेचं यांना विचारलं. वाडीतून वांगी आणून हे पोत्यावर निवडत बसले होते. मी म्हटलं, "दादा येतो म्हनते. तो टीव्हीचा कार्यक्रम होता ना, चौथं ताट, त्याच्यावरून तुमाले राग आला म्हनते." यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं, चप्पल घातली आणि परत वाडीत गेले. जेवायलासुद्धा आले नाहीत. यांचा राग असा नसतो. राग असला की हे भाजीत मीठ नाही म्हणतात. हे काहीतरी वेगळं आहे आणि मला कोणी सांगत नाही.

तो कार्यक्रम मी पाहिलाच नव्हता. तेव्हा गजेंद्रच्या वेळचे माझे शेवटचे दिवस होते. बाबूलालच्या अंगणात टीव्ही मांडला होता, सारा गाव गेला होता, मी घरी होते.

तू येऊ नको असं मी म्हणत नाही. पण आधी मला समजू दे काय चाललं आहे.

कस्तुरा


नागपूर, ७ सप्टेंबर

चि. कस्तुरा,

डॉक्टरला दाखवलं. डोकं शाबूत आहे म्हणाला, साखर वाढली आहे.

तू काहून नाकबूल करतेस ते मी ओळखलं. पत्र रंगरावांच्या नजरेखालून जाणार म्हणून सावध लिहितेस. घाबरू नको. सासूसासऱ्यांची चेष्टा तू केलीस हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, म्हणजे ऑफिस सोडून. तुझी एकोणीस आंतर्देशीय पत्रं माझ्याजवळ जपून आहेत. पुरावा म्हणून दोन नमुने उतरवतो.

मार्च १९८५ चं, तुझ्या सासऱ्यांचं: "मामाजी माझ्याशी बोलत नाहीत, रीतच नाही. चहा पाहिजे असला की ते गोठ्यात जाऊन वासराले म्हनतात, 'काय रे, या घरात आज चहा होनार हाय का नाई?' मी चुलीपासून वासराले सांगते, 'साखर सरली म्हना.' मंग मामाजी वासराले म्हनतात, 'गूळ टाक म्हना.' वासरू दोघाईचं ऐकून घेते. या घरात सगळ्यात समजदार तेच हाय."

त्याच वर्षीचं, पावसाळ्यातलं: "हे आपल्या वाडीतला सांबार कारंज्याच्या बाजारात विकून येतात अन् येताना घरासाठी दुसऱ्याचा सांबार विकत आनतात. काहून म्हनून विचारलं तर म्हनतात, आपला संपला." नागपूरच्या पांढरपेशांसाठी मी त्यात सांबाराची कोथिंबीर केली, बाकी शब्द न् शब्द तुझा.

तू सांगावंस आणि रंगरावांनी स्वतःबद्दलचं हे मान खाली घालून लिहावं, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. चेहऱ्यावरची रेघ हलत नसेल. त्या माणसाला विनोद कळतच नाही, म्हणून तर त्यांना राग आला.

तुझी पत्रं थांबली आणि मला पुढं काही लिहिताही आलं नाही, हेही सांगून टाकतो. साहेबांनी दुसऱ्या दिवाळीला पुन्हा मागितलं. मी कागद घेऊन बसलो, काही सुचेना, शेवटी हात वर केले. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

योगिनीनं कुठून तरी नंबर मिळवून शुभांगीच्या मोबाईलवर कार्यक्रमाची लिंक पाठवली आहे. पाहा. चौथ्या ताटाचा प्रवेश शेवटी आहे. तोही तुझाच. लोक त्यालाच सगळ्यात जास्त हसतात.

मारोत


कामरगाव, १९ सप्टेंबर

दादा,

पाहिला. शुभांगीनं मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघी समोर बसलो. वासराचं आलं तेव्हा मी इतकी हसले की शुभांगीनं पाणी आणून दिलं. मामाजी असेच होते, असंच खाकरायचे, वासराच्या पाठीवर असाच हात ठेवायचे. सांबाराचंही खरं आहे, हे आजही तसंच करतात. पण दादा, यातलं मी काही सांगितलं नव्हतं. ते गमतीचं आहे हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हतं. मी त्या वासरापायी रडकुंडीला आले होते.

मग ते ताटाचं आलं. तीन माणसं जेवायला बसणार आणि सून चार ताटं मांडते. सासऱ्याला वाटतं, तलाठी जेवायला येणार. सासूला वाटतं, सुनेच्या माहेरचं कोणी येणार, आणि ती तुपाचा डबा लपवते. दीर पोरीकडचे लोक येतील म्हणून दाढी करायला बसतो. सगळे दाराकडं पाहत राहतात आणि सून म्हणते, "मले काय मालूम, माझ्या हातून झालं." मागं माणसं हसतात, खूप वेळ हसतात.

शुभांगीही हसत होती. मी मोबाईल उलटा केला.

ते ताट सुचिताचं होतं. सुचिता आठवते ना? साडेचार वर्षांची होती. तू तिच्या मातीला आला होतास. आमच्यात माणसांची पंगत आधी बसायची, बाया मागून. पण लहान पोर आजोबांजवळ माणसांतच बसायचं. मामाजी, हे, माझे दीर आणि सुचिता. चार ताटं. ती तापानं गेली आणि त्यानंतर वर्षभर माझ्या हातून चौथं ताट मांडलं जायचं. मांडलं की समजायचं, मग मी उचलायची. घरात कोणी एक शब्द बोललं नाही. मीही कोणाला बोलले नाही. तुला नाही, आईलाही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग तुला कोणी सांगितलं? आणि सांगितलं असेल तर तू त्याचं हे असं काहून केलंस?

भाऊबीजेला येऊ नको. आधी याचं उत्तर दे. सभागृहाचंही मला काही सांगू नको.

कस्तुरा


नागपूर, २५ सप्टेंबर

कस्तुरा,

तुझं पत्र परवा आलं. काल दिवसभर मी त्या एकोणीस पत्रांच्या मध्ये बसून होतो. ते पत्र सापडलं. ८ फेब्रुवारी १९८७. जसंच्या तसं उतरवतो.

"सगळे खुशाल हायेत. वासरू आता मोठं झालं, मामाजीचं ऐकत नाही. एक सांगाचं राह्यलं. तीन मानसं जेवाले बसतात अन् माझ्या हातून चार ताटं मांडल्या जातात. मांडून झालं की समजते. मंग मी उचलून ठेवते. कोनी काही म्हनत नाही. मामाजी थोडे सरकून बसतात. दादा, तुले सवड असली तर दोन दिवस येऊन जाय."

मी आलो नव्हतो. मला सवड नव्हती. वासरू ऐकत नाही याला मी हसलो आणि हसत हसतच पुढं वाचलं, त्यामुळं पुढचंही हसण्यासारखंच वाटलं. आठ महिन्यांपूर्वी मी स्वतः त्या पोरीला माती देऊन आलो होतो, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. मला एवढंच दिसलं की तीन माणसं आणि चार ताटं यात चांगला प्रवेश आहे. माझी मला लाज वाटते.

तू सांगितलं नाहीस म्हणतेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे. अक्षर रंगरावांचं आहे. कशाचा कशाला मेळ लागत नाही. मंडळाला मी आज नाही म्हणून कळवलं. भाऊबीजेला येत नाही. कोणत्या तोंडानं येऊ.

मारोत


कामरगाव, ४ ऑक्टोबर

मारोतराव यांस रंगरावचा नमस्कार.

हे पत्र माझं आहे. आधीची एकोणीसही माझीच होती, पण माझ्या नावानं हे पहिलंच लिहितो आहे.

कस्तुरानं तुमचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "वाचा. अन् मंग मले सांगा, त्या पत्रात काय काय लिवलं होतं." त्याला आता पाच दिवस झाले. मी आठवेल तसं सांगत आहे.

खुलासा असा. ती सांगायची, सगळे खुशाल. ते मी पहिल्या ओळीत लिहायचो. मग कागद उरायचा. कोरा कागद पाठवणं मला बरं वाटायचं नाही. आमच्या घरी वडिलांसमोर मोठ्यानं हसायची पद्धत नव्हती, आणि दिवसा बायकोशी बोलायची तर नव्हतीच. डोक्यात येत होतं ते मी कुठं ठेवणार? ते कस्तुराच्या नावानं तुमच्याकडं पाठवायचो. तुम्ही उत्तर लिहायचे, कस्तुरा, पोट धरून हसलो. ते उत्तर मीच तिला वाचून दाखवायचो आणि तेवढी ओळ गाळायचो. त्या ओळीवर माझे चार दिवस बरे जायचे.

ताटाचं मी गमतीनं लिहिलं नव्हतं. ती मांडायची, उचलायची, आणि मी समोर बसलेला असायचो. सुचिता माझीही होती. वाटलं, भावाला कळवावं, तो येईल, तिच्याशी बोलेल, दोन दिवस तिच्याजवळ बसेल. पण बायकोला समजावणं माझ्याच्यानं होत नाही, हे मेहुण्याला स्वतःच्या नावानं कसं लिहायचं? म्हणून तिच्या नावानं लिहिलं, आणि वासराच्या मागं लपवून लिहिलं. तुम्ही फसले यात तुमचा दोष अर्धाच.

मी वाट पाहिली. तुम्ही आले नाही, दिवाळीला तुमचा कार्यक्रम आला. बाबूलालनं मला लेखकाचा पाव्हणा म्हणून सगळ्यांच्या पुढं बसवलं होतं. ताटाचा प्रवेश लागला आणि सारा गाव हसला. लोक वळून माझ्याकडं पाहू लागले. मारोतराव, मीही हसलो. लोक पाहत होते म्हणून हसलो, पण हसलो. घरी आलो तेव्हा कस्तुरानं विचारलं, "कसा झाला दादाचा कार्यक्रम?" मी म्हटलं, "बरा होता." हे मला आजवर पचलेलं नाही.

त्याच्यानंतर तुम्हाला काय लिहू? तुम्ही घरी आले असते तर पहिल्या चहालाच सगळं उघडं पडलं असतं. म्हणून पत्रंच थांबवली. राग नव्हता. भीती होती.

तुम्ही या, असं मी म्हणू शकत नाही. तो अधिकार तिचा आहे. काय म्हणायचं ते ती लिहील, तिला आता येतं.

रंगराव


कामरगाव, ९ ऑक्टोबर

दादा,

यांचं पत्र मी वाचूनच पोस्टात टाकलं. यापुढं या घरातून जाणारं प्रत्येक पत्र मी वाचणार आहे.

हे मला अजून जुनी पत्रं सांगतात. आठवतं तेवढं खरं सांगतात आणि राहिलेलं तिथल्या तिथं जुळवतात, मला समजतं. मी हसते, मग मला राग येतो. पंचेचाळीस वर्षं मी एका मुक्या माणसाशी संसार केला असं धरून चालले होते. इतका गमत्या माणूस माझ्याच घरात होता आणि त्याच्या गमती टपालानं नागपूरला जात होत्या. माझ्या वाट्याला भाजीतलं मीठ आलं.

कोणावर रागवावं हे मला अजून नक्की होत नाही. यांच्यावर रागावते, तर या माणसानं ते ताट रोज पाहिलं होतं हे आज कळतं. मला वाटायचं, कोणाचं लक्षच नाही. तुझ्यावर रागावते, तर तू बिचारा चाळीस वर्षं वाहवा करत होतास, तीही चुकीच्या माणसाची. आणि मामाजी सरकून बसायचे हे तर मला माहीतच नव्हतं. ताट उचलून मी पाठमोरी झालेली असायची. यांनी लिहून ठेवलं म्हणून ते मला आता मिळालं. ती ओळ मी शुभांगीला दाखवली आणि खूप रडले.

पण एक सांगते, ते दोघांनीही ऐकून घ्या. पोर माझी होती आणि तिघांत लिहिता न येणारी मी एकटी होते. एकानं मला न विचारता लिहिलं, दुसऱ्यानं मला न विचारता त्याचं नाटक केलं. गाव हसून घरी गेला, आता चाळीस हजार लोक हसले. ताट सगळ्यांना माहीत झालं आणि ज्या पोरीचं ते होतं ती कोणालाच माहीत नाही. तिला तोंडली मोजायला आवडायची आणि सातच्या पुढं येत नव्हतं, म्हणून सात झाले की ती पुन्हा एकपासून धरायची. बाबूलालच्या बोकडाला घाबरायची आणि त्यालाच पाहायला रोज जायची. असं पुष्कळ आहे. गजेंद्रला आपली एक बहीण होती एवढंच ठाऊक आहे, पुढचं त्यानं कधी विचारलं नाही, कारण या घरात तिचं नाव कोणी घेतच नव्हतं.

सभागृहाचं यंदा राहू दे. वासराला लोक हसले तर मला चालेल, पुढं पाहू. मात्र पडद्यावर यांचं नाव आलं पाहिजे, तेवढं योगिनीला करता येतं का विचार.

भाऊबीजेला ये. तू येत नाही म्हणालास, हे "या" म्हणू शकत नाहीत म्हणाले, तेव्हा मीच म्हणते. ओवाळीन, जेवू घालीन. पण जेवणं झाली की तुम्ही दोघांनी समोर बसायचं. गजेंद्र आणि शुभांगीही बसतील. मग मी सुचिताचं सांगणार, ती झाली त्या दिवसापासून, माझ्या तोंडानं. मध्ये कोणी बोलायचं नाही आणि कोणी लिहून घ्यायचं नाही. हसू आलं तर हसा, पोरगी हसवणारीच होती. एका दिवसात ते व्हायचं नाही. चार दिवसांचे कपडे घेऊन ये.

कस्तुरा